मागाची खोली आणि हमीदाबीची ओळख

लिहून ठेवतो मी, नानाजी बळीराम सोनकुसरे, वय सत्तरीच्या पुढे, जात कोष्टी, धंदा हातमागावर लुगडी विणणे, राहणार पाचपावली, नागपूर, की आज माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी पेढाही चारलेला नाही. गुडघे गेले आहेत, उजव्या डोळ्यावर पडदा आला आहे. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकील विश्वनाथ देशकर यांनी सांगितले. मजकूर माझा आहे. वकिलांनी कलमांचे आकडे घातले आणि मधून मधून "नानाजी, हे कोर्टात वाचले जाईल" असे बजावले. वाचले जावे म्हणूनच लिहीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही लेख केलेला नाही.

कलम १. माझी पत्नी गोपिका वारली आहे. मुलगा श्रीधर सरकारी कचेरीत कारकून आहे. मुलगी शामला काटोलला दिली असून तिथल्याच शाळेत शिकवते. दोघांनाही माग चालवता येत नाही. ती वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून मी त्यांना शाळेत घातले, आणि आता येत नाही म्हणून वाईटही मलाच वाटते. मुलांचा यात काही दोष नाही.

कलम २. राहते घर नझुलाच्या, म्हणजे सरकारी, जागेवर असून तिचा पट्टा माझ्या नावाने आहे. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि विहिरीचा हिस्सा श्रीधरला द्यावा. त्याने बेसा गावाकडे प्लॉट पाहून ठेवला आहे. तिकडे अजून तुरीची शेते आहेत, पण श्रीधर म्हणतो, "बाबा, शहर तिकडेच सरकून राहिलं." सरकत असेल. त्याने आपला हिस्सा खुशाल विकावा आणि तिकडे बांधावे. बँकेत जी काही शिल्लक निघेल ती दोघा भावंडांनी सारखी वाटून घ्यावी व त्यावरून बोलाचाली करू नये.

कलम ३. गल्लीकडची पुढची खोली, जिला आम्ही मागाची खोली म्हणतो, ती ओट्यासकट हमीदाबी, मकबूल अन्सारी यांची बेवा, राहणार समोरच्या ओळीत, यांना मालकीने द्यावी. भाड्याने नव्हे, दया म्हणून नव्हे, मालकीने.

हे कलम श्रीधरला आवडलेले नाही. मी त्याला आधीच सांगितले, मेल्यावर समजण्यापेक्षा बरे. तो म्हणाला, "बुढीले ठेवाचं असन तर ठेवा बाबा, मी काय हाकलून राहिलो? पण कागदावर काहून?"

मी म्हणालो, "कागदावरच तर ठेवाचं आहे गा. बाकी सगळं तिच्यापाशी आहे."

 त्याला ते समजले आहे असे वाटत नाही, म्हणून पुढचे कलम लांबले आहे. वकिलांना ते नको होते. मी त्यांना म्हटले, फी तीच राहील ना, मग लिहू द्या.

कलम ४. कारणे.

आमच्या गल्लीला दोन ओळी आहेत. अलीकडची कोष्ट्यांची, पलीकडची मोमिनांची, म्हणजे मुसलमान विणकरांची. दोन्ही ओळी बाहेरून आलेल्या. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात आले असे माझे आजोबा सांगत; कुठून आले यावर घरात एकमत नव्हते. मकबूलचे पूर्वज सत्तावनच्या धामधुमीनंतर उत्तरेकडून बैलगाडीने कामठीला आणि तिथून इथे आले. आम्हीही धोटा हातात घेऊन आलो आणि तेही. सूत एकाच दुकानातून यायचे, खळ एकाच तांदळाची शिजायची, आणि कापड घेणारा शेठ दोघांनाही सारखाच रडवायचा.

मकबूल आणि मी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायचो. आमचा एकच विषय असे: कोणाचे लोक पुढे गेले. पोरे कडेवर होती तेव्हापासून ती कामाला लागेपर्यंत हा वाद चालला. तो म्हणायचा, "नाना, तेरे पोट्टे कुर्सी पे बैठेंगे, मेरे पोट्टे मशीन पे खडे रहेंगे. अब बोल, थकेगा कौन?" मी म्हणायचो, "पाय तुह्या पोरायचे दुखतीन, मान माह्या पोराची." गोपिका आतून ओरडायची, "काहून जी रोज भांडता? दोघायच्याही अंगाले एकाच खळीचा वास येते."

वाद खोटा नव्हता. आमच्याकडे शाळा आधी पोचली. विणकरांची सोसायटी आमच्या लोकांची, तिच्यामार्फत सूत यायचे, गिरणीत चिकटायला वशिला मिळायचा, निवडणुकीत आमच्या ओळीत पुढारी हात जोडत येत. त्यांच्या ओळीत मात्र सगळे काम तोंडी. शेठ तोंडी सूत देई, तोंडीच मजुरी कापी. पोरगा दहा वर्षांचा झाला की मागावर. पण त्यांच्यात एक भाऊ भिवंडीला पावरलूमवर लागला की मागून बाकीच्यांना ओढून नेई, आणि बहिणीचे लग्न सगळे मिळून उरकत. आमच्यात श्रीधरचा सख्खा काका विहिरीच्या हिश्श्यावरून कोर्टात गेला आणि मरेपर्यंत आमच्याकडे पाणी प्यायला नाही. तेव्हा कोण पुढे गेले ते मला आजही धड सांगता येणार नाही.

खंत वेगळीच आहे. हा वाद आम्ही गंमत म्हणून करायचो आणि पोरे ऐकायची. त्याची पोरे म्हणू लागली की कोष्टी माग सोडून बाबू झाले, यांच्यात दम नाही. श्रीधर म्हणू लागला की त्या ओळीला शिकायचेच नाही. दोन म्हाताऱ्यांनी चघळलेली सुपारी पोरांच्या पोटात गेली. आता रस्त्यात भेटले तर ते एकमेकांना नमस्कारही करत नाहीत. याचे मला फार वाईट वाटते.

आता हमीदाबीविषयी. जे मागावर बसले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, संपत आला की विणकर तो पूर्ण काढत नाही. हातभर सूत मागातच ठेवतो आणि त्या जुन्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडतो. असे केले नाही तर सगळे धागे पहिल्यापासून फणीतून ओवत बसावे लागतात. गाठ मारायची नाही, गाठ अडकते. बोटांना चुलीतली राख लावायची आणि दोन टोके अंगठ्याने पिळून एक करायची. याला आम्ही सांधणे म्हणतो. आमच्या गल्लीत सांधण्याचे काम पूर्वीपासून मोमिनांच्या बायका करत आल्या. आमच्या बायका दोन्ही ओळींच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरत, त्यांच्या बायका दोन्ही ओळींचे ताणे सांधत. हे कोणी ठरवले ते माहीत नाही, पण कधी कोणी मोडले नाही. माझ्या मागावर आधी मकबूलची आई यायची आणि नंतर हमीदाबी. आजोबांपासून हा माग एकदाही रिकामा झालेला नाही. आज त्यात जो धागा आहे तो मागच्या धाग्याला, तो त्याच्या मागच्याला, असा सांधत सांधत आलेला आहे, आणि प्रत्येक सांधा समोरच्या घरातल्या बाईच्या अंगठ्याचा आहे.

त्या अंगठ्याचे काय झाले ते लिहितो. सासष्ट साली नझुलाच्या जागांचे पट्टे द्यायला सर्व्हेची माणसे आली आणि शाळेत टेबल मांडून बसली. मकबूल तेव्हा पावरलूमचे काम पाहायला मालेगावला गेला होता, म्हणून रांगेत हमीदाबी उभी राहिली. तिला सही येत नाही. कारकुनाने शाई लावून अंगठा दाबला, तर कागदावर नुसता काळा डाग. एकही रेघ नाही. पुन्हा दाबला, दुसऱ्या हाताचा घेतला, तेच. राखेने आणि सुताने अंगठे झिजून काचेसारखे झाले होते. कारकून म्हणाला, अंगठा उमटत नाही, कोणा पदाधिकाऱ्याने ओळख द्यावी.

टेबलाशेजारी आमच्या सोसायटीचे चेअरमन चंपतराव ओळख द्यायलाच बसले होते. ते म्हणाले, "मी आपल्या लोकांपुरता बसून आहो." त्यांच्या घरी तेव्हा चार माग चालत होते आणि चारही मागांवर हीच बाई सांधायला जात होती.

मी रांगेतून पुढे झालो. म्हणालो, "मी ओळखतो इले. रोज ओळखतो." कारकुनाने विचारले, तुम्ही कोण? मी म्हणालो, विणकर. तो म्हणाला, विणकराची ओळख चालत नाही, पुढच्या यादीत पाहू. हमीदाबीने पदराने अंगठा पुसला आणि मला म्हणाली, "छोडो नानाभाई. आपका नंबर चला जाएगा." माझा नंबर गेला नाही. मला पट्टा मिळाला.

मकबूल परत आल्यावर कचेरीत खेटे घालून आला. यादी बंद झाली होती आणि पुढची कधी निघालीच नाही. त्या संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चल नाना, झगडा खतम. तेरे लोग जीत गए." मी हसलो नाही. त्यानंतर तो रोज येत राहिला, चहा पीत राहिला, पण तो वाद त्याने पुन्हा कधी काढला नाही. भांडला असता तर बरे वाटले असते.

मागच्या वर्षी रस्ता रुंद करायचा म्हणून माणसे आली आणि पलीकडच्या ओळीच्या दारांवर लाल रंगाच्या खुणा करून गेली. पट्टा नाही म्हणून बदली जागाही नाही. आमच्या ओळीवर खूण नाही. मकबूल त्याच हिवाळ्यात गेला. त्याची मुले भिवंडीहून आईला न्यायला आली होती, पण तिथे एका खोलीत दोन बिऱ्हाडे आहेत, आणि ही म्हणते, मकबूल इथल्या मातीत आहे. उन्हाळ्यापर्यंत ती ओळ पाडणार असे ऐकतो. म्हणून कलम तीन.

कलम ५. माग, फणी, धोटे आणि बाकीचे सामान खोलीबरोबर हमीदाबींचे. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा बुजवून तिथे खाट टाकायची की नाही ते त्यांनी ठरवावे. मला त्यात भावना नाही. थोडी आहे, पण खाट महत्त्वाची.

कलम ६. मागावर अर्धे लुगडे आहे. डोळ्यांनी दगा दिला तिथे ते थांबले. शामला किती दिवस मागत होती, "बाबा, तुमच्या हातचं एक तरी ठेवा." ते कापून तिला द्यावे. नेसता येणार नाही, त्याबद्दल तिची क्षमा असावी. कापताना हातभर सूत मागातच सोडावे, फणीच्या जवळ कात्री लावू नये. पुढे कोणी विणणार नाही हे मला कळते. तरी सोडावे.

कलम ७. चंपतराव वारले आहेत, म्हणून सोसायटीने मला निरोपाला दिलेली खुर्ची माझ्याकडून त्यांच्या मुलाला द्यावी. तिचा एक पाय पहिल्या दिवसापासून आखूड आहे. बसताना त्याला वडिलांची आठवण होईल.

कलम ८. मला जाळायला नेताना ओट्यावर क्षणभर ठेवावे. समोरून कोणी यायचे असल्यास येऊ द्यावे. श्रीधर, तू मकबूलच्या मुलांना तार कर. ते येतील की नाही ते मला माहीत नाही. पण तार तू कर, दुसऱ्याला सांगू नको.

कलम ९. हमीदाबींना काल घरी बोलावून हा लेख वाचून दाखवला.  त्या म्हणाल्या, "नानाभाई, मैं लेके क्या करूं? मेरा तो अंगूठाच नहीं चलता." वकील म्हणतात, घेणाऱ्याचा अंगठा मृत्युपत्राला लागत नाही. मी म्हणतो, या मृत्युपत्राला लागतो. तो घेतला आहे. खाली काळा डाग दिसतो तो शाई सांडलेली नाही.

पुढे कोणी हरकत घेतली की हीच ती बाई कशावरून, तर कोर्टाने तिच्यासमोर चिमूटभर राख आणि सुताची दोन टोके ठेवावीत आणि सांधा माझ्या मागातल्या सांध्याशी ताडून पाहावा.

हा लेख वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: पाचपावली, नागपूर
तारीख: ९ जानेवारी १९८३

(सही) नानाजी बळीराम सोनकुसरे

साक्षीदार:
(सही) धोंडबा कवडू निनावे, शेजारी, दुधाचा धंदा
(सही) अंजनाबाई गोविंदराव मेश्राम, निवृत्त परिचारिका

हमीदाबी, बेवा मकबूल अन्सारी
उजव्या हाताचा अंगठा: (उमटला नाही)

वरील बाईंना मी ओळखतो.
ओळख देणार: नानाजी बळीराम सोनकुसरे, विणकर