बाईंनी मागून घेतलेली दुपार

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहितेय. शहागडला हायवेच्या कडेला आमची खानावळ होती, त्या घरातली मी थोरली. दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणितात आणि इंग्रजीत नापास झालेली. गणित तुम्ही शिकवायच्या, त्यामुळे तुमच्यासमोर उभं राहायची लाज जास्त वाटायची.

नापास झाल्यावर मी एक वेळापत्रक केलं. स्केचपेननं चौकटी आखल्या, प्रत्येक विषयाला वेगळा रंग दिला, पहाटेपासून झोपेपर्यंत नुसता अभ्यास. ते मोठ्या हौसेनं तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही चष्मा सरकवून सगळं वाचलं आणि विचारलं, "यात तू भाकरी कधी थापतेस?" मी चौकटींमध्ये शोधू लागले. "भांडी कधी घासतेस? खानावळीत ताटं कोण वाढतं?" मी म्हणाले, "मीच, बाई." "मंग हे तुझं वेळापत्रक न्हाई. ज्या पोरीला घरात काहीच काम न्हाई, तिचं आहे. हे तुला पाळता येणार न्हाई, आणि पाळता आलं न्हाई की तुला वाटत राहणार, आपल्यातच काहीतरी कमी आहे." तुम्ही कागद परत दिला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. घरी जाईपर्यंत मी तुमच्यावर चिडलेली होते.

तुम्ही त्याच रविवारी आमच्याकडे याल असं मात्र स्वप्नातही नव्हतं. मला अजून दिसतं, उभ्या ट्रकांमधून वाट काढत, पदर खोचून तुम्ही येताय. माझे वडील, अण्णा, गडबडून फडक्यानं खुर्ची पुसतात. तुम्ही म्हणता, "मला जेवायला वाढा आणि तुमचं चालू द्या." पिठलं-भाकरी खाऊन झाली तरी तुम्ही उठत नाही, कोपऱ्यात बसून बघत राहता. मी पाणी देतेय, उष्टी ताटं उचलतेय, आईला पीठ मळून देतेय, कोणी ड्रायव्हर कांदा मागतोय. हळूहळू गर्दी ओसरते, गाड्या निघून जातात, आई जरा आडवी होते आणि मी टीव्हीसमोर जाऊन बसते. तो बघायची आवड होती असं नाही. कधी कोण हाक मारेल याचा भरवसा नसायचा, म्हणून पुस्तक उघडायचा धीरच व्हायचा नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते नुसतं बघून कळलं.

तुम्ही अण्णांना बोलावलं. "दहावीची शाळा आता सकाळचीच आहे. ही आत्ताची वेळ रोज मोकळी असते का?"

"असती. पर एखादी गाडी येतीच की, बाई."

"आली तर तुम्ही वाढा. दुपारची गर्दी ओसरली की दिवे लागेपर्यंत ही पोरगी इथं न्हाई, शाळेत आहे असं समजा. तिला हाक मारायची न्हाई."

अण्णा मान खाजवत म्हणाले, "औंदा नापास झाली तर हिला घरीच बसवायचं म्हणून राह्यलो आम्ही." ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हातातला तांब्या तसाच धरून मी उभी राहिले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "माझी आई लोकांच्या रानात निंदायला जायची. मी बांधावर बसून पाठ करायचे. आई सगळ्या बायांना सांगायची, पोरीला काम सांगू नका. तेवढ्या बांधावर मी शिकले. तुमचं काय ठरवायचं ते ठरवा, पण आधी हिला वेळ तर द्या." अण्णांनी तुमच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत, आणि तुम्ही ते ताटाखाली ठेवून गेलात.

थोड्याच दिवसांत परीक्षा झाली, माझी नाही, अण्णांची. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी भलत्याच वेळी येऊन थांबली. मी मागच्या खोलीत समीकरणं सोडवत होते. गलका ऐकून उठले, दारापर्यंत आले. अण्णांच्या दोन्ही हातांत ताटं, खांद्यावर फडकं, सगळा चेहरा घामानं भिजलेला. मला बघून म्हणाले, "बस. बाईंनी सांगितलंय." आणि पुढं गेले. मी परत येऊन बसले. त्या दुपारी एकही गणित धड सुटलं नाही, अक्षरं पुसट दिसत होती, पण मी जागची हलले नाही.

अवघड विषय आधी घ्यायचा, डोकं ताजं असताना, हे तुमचंच सांगणं. आणि पुस्तक मिटून कोणाला तरी समजावून सांगायचं. आमच्याकडे ऐकायला अण्णाच होते. संध्याकाळच्या भाजीसाठी ते कांदा चिरत बसायचे आणि मी त्यांना प्रमेय सांगायचे. ते मधेच विचारायचे, "मंग असं का?" तिथं मी अडकले की कळायचं, हे आपल्याला आलेलंच नाही. पुन्हा पुस्तक उघडायचं. पुढं पुढं त्यांनाही गोडी लागली. खानावळीच्या पत्र्याला खांब लावताना मला म्हणाले, "तुझा काटकोन बराबर झाला का बघ."

मी पास झाले. गुण काही मिरवण्यासारखे नव्हते, पण अण्णांनी येईल त्या ड्रायव्हरला चहा पाजला आणि पुढच्या कॉलेजची गोष्ट स्वतःहून काढली. तोवर तुमची बदली भोकरदनकडे केदारखेड्याला झाली होती. मी नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले, मग नोकरी, लग्न, मुलगी. तुम्ही गेल्याचं शाळेतल्या एका मैत्रिणीकडून कळलं, तेही उशिरा.

आता चाळिशीत मी नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी करून राह्यले. ड्युटी सारखी बदलते, त्यामुळे रोजची ठरलेली अशी वेळ हाती लागत नाही. ड्युटी संपली की घरी जाण्याआधी दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बसते. तेवढ्या वेळेत घरून फोन येत नाही. नवऱ्यानं आणि मुलीनं स्वयंपाक वाटून घेतलाय, भाकऱ्या जाड होतात, पण होतात. हल्ली दोन नवीन सिस्टर पोरीही येऊन बसतात. पुस्तक मिटून त्या म्हणतात, "ताई, आज आमचं ऐका." मी ऐकते, आणि अडल्या की विचारते, मंग असं का. काल त्यातल्या एकीनं न अडखळता हृदयाचं सगळं कार्य सांगितलं आणि स्वतःच चकित झाली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सोमवारी माझा पहिला पेपर आहे. घरी सगळ्यांना मी सांगितलंय की मला बिलकुल भीती वाटत नाही. वाटते, बाई. पण अभ्यास झालाय.