हार घातलेलं खोकं

नाशिक रोड,
१८ फेब्रुवारी २०२५

हर्षालीताई,

तुला आणि बाळाला ललितचा नमस्कार. बाळाला नमस्कार कळत नसेल तर माझ्या वतीने त्याच्या गालाला हात लाव.

आधी कबुली देऊन टाकतो. आज सकाळी कंपनीच्या नव्या गोदामाच्या उद्घाटनाचं खोकं मी बदललं. चुकून नाही, ठरवून. परत वेळ आली तर परत बदलीन. हे फोनवर लिहिलं असतं तर तुझ्या मस्कतपासून आपल्या बिटको चौकापर्यंत स्क्रीनशॉट फिरला असता, म्हणून कागद.

तू म्हणशील, शेजारच्या कार्ट्याची खोडी काही जात नाही. मॅनेजरच्या पाठीवर 'नाजूक, जपून हाताळा'चं स्टिकर लावलं ती गंमत होती. ही गंमत नाही.

आमची कुरियर कंपनी आता लय मोठी झालीय. बिटकोला झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल होतं, आठवतं? टेबलामागे शेखर सर, बाहेर पायरीवर तुझी आई, आमची पुतळामावशी. लोक पापड, मसाले, गोधड्या घेऊन यायचे, मावशी ते मांजरपाटाच्या कापडात शिवून द्यायची, सर पत्ता घालायचे, की निघालं पार्सल लंडनला. दुपारी सर मावशीच्याच डब्यातली भाकरी खायचे. मग खोकी आली, चिकटपट्टी आली आणि मावशीची पायरी गेली. आता ओझरच्या रस्त्याला एवढं गोदाम झालंय की या टोकाचा माणूस त्या टोकाहून मुंगी दिसतो. रोज ट्रक भरभरून माल मुंबईच्या विमानाला जातो. मशीनचे पार्ट, औषधं, मनुके. सर आता सगळ्या नाशिकचे साहेब. आणि काउंटरवर नवा बोर्ड: घरचं खाणं आणि कापडात शिवलेलं पार्सल घेतलं जाणार नाही.

बोर्ड लागला त्याच दिवशी मावशी तुझे डिंकाचे लाडू घेऊन आली. पायाला प्लास्टर, तशीच रिक्षातून. काउंटरवरच्या पोराने बोर्ड दाखवला.

"अरे, लेक बाळंतीण आहे माझी. मला जाता येईना, लाडू तरी जाऊ दे."

"नियम आहे, मावशी."

मागे रांग होती. ती गेली. तुला फोनवर म्हणाली ना, "अजून केलेच नाहीत गं"? केले होते.

काल मी तिच्या घरी जाऊन पार्सल मागून आणलं. खोटंच सांगितलं, नियम मागे घेतला.

उद्घाटनाला दुबईहून मोठ्या मॅडम आल्या होत्या, आता कंपनीत पैसा त्यांचा. नारळ फोडायचा आणि हार घातलेलं पहिलं खोकं सरांनी सरकत्या पट्ट्यावर सोडायचं. ते रिकामं, नुसतं फोटोपुरतं. मी त्याच्या जागी दुसरं ठेवलं. आत मावशीचं पार्सल, एक टाका न उसवता. वर तुझा पत्ता. चोरी नाही हां, आम्हा कामगारांना वर्षातून एक पार्सल फुकट असतं, ते वापरलं.

सरांनी भाषण केलं. "शून्यातून उभं केलं. सोबत कोणी नव्हतं." मी मागून एकट्यानेच लय जोरात टाळ्या वाजवल्या.

खोकं एक्स-रेखाली गेलं आणि मोठ्या पडद्यावर गोल गोल दिसायला लागलं. मॅडमनी विचारलं, "व्हॉट इज धिस?" आमचा ड्रायव्हर पुंजाराम मागून म्हणाला, "बॉल दिसतात, क्रिकेटचे." सगळे हसले.

सर नाही हसले. लाडवांच्या कडेला एक सुई दिसत होती. मावशीची सवय तुला माहीतच आहे. शिवून झालं की सुई दोऱ्यासकट तिथेच खोचायची, उघडणाऱ्याला परत शिवता यावं म्हणून. अख्ख्या नाशकात दुसरं कोण असं करतं?

पट्टा थांबलेला. सरांच्या हाताशी लाल बटण, शेजारी हिरवं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पण बघत राहिलो, मान खाली घातली नाही.

त्यांनी हिरवं दाबलं.

नंतर ते खोकं घेऊन माझ्या टेबलाशी आले. "पाठवणाऱ्याचं नाव काय घातलंस?"

"तुमचं."

"लय शहाणा झालास?"

"तुमच्याच हाताखाली, सर."

त्यांनी खोक्यावरचं स्वतःचं नाव खोडलं. मग म्हणाले, "तिचं घाल. आणि उद्यापासून काउंटर सोड, ट्रक भरायला जा."

म्हणजे तुला कळलंच असेल. काउंटरवरचा तो पोरगा मीच. मावशीने "ललित" म्हणून हाक मारली होती. मी वर बघितलं नाही.

ट्रक तर ट्रक. बोर्ड अजून लटकतोय, पण ट्रक मीच भरणार. परत कुणाची आई आली तर बघतो कोण अडवतं.

खोकं समोर आहे. हे पत्र आत टाकतो आणि पट्टी मारतो. सुई जपून काढ.

ताई, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. माझं काय, मला काढलं तर दुसरीकडे खोकी उचलीन, पण सरांनी बघूनही हिरवं दाबलं हे दुबईला कळता कामा नये. आणि मावशीला तर मुळीच नको. तिला वाटतंय, कंपनीने आपण होऊन तिचं पार्सल घरून नेलं. काल गल्लीभर सांगत होती. तेवढं तसंच राहू दे.

वर न बघितलेला,
ललित