अनंतकाळानंतरची रांग

३ मार्च, सकाळी
एकतीस तारखेला थीसिस द्यायचाच. एप्रिलमध्ये बायको बदलीच्या गावी रुजू होणार. थीसिस दिला तर आम्ही तिघं एकत्र जाणार, नाहीतर बायको आणि आमची छोटी जातील आणि मी इथेच. तो प्रश्नच येत नाही. विषय सोपा आहे. दवाखान्यातल्या खिडक्या: नोंदणी, डॉक्टर, तपासणी, पुन्हा डॉक्टर, आणि सगळीकडे मरणाची गर्दी. या रांगा शेवटी, म्हणजे अनंतकाळानंतर, किती लांब होतील याचा अंदाज माझं सूत्र देतं. एकच पायरी सिद्ध करायची राहिलीय. जेवणाआधी होईल.

३ मार्च, संध्याकाळी
नाही झाली. टेबल आवरलं.

९ मार्च
गाईड मॅडमनी विचारलं, रांगा मुळात स्थिरावतात हे कशावरून? म्हटलं, प्रत्येक खिडकीकडे कामाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ आहे, म्हणजे उसंत आहे, मग स्थिरावणारच. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

१४ मार्च
वेळापत्रक केलं. स्वतःला अठ्ठ्याण्णव टक्के कामाला जुंपलं. दोन टक्के मोकळे, म्हणजे चैनच.

१५ मार्च
छोटीला ताप. वेळापत्रक बोंबललं. तिला घेऊन दवाखान्यात बसलो. आपला नंबर कधी येईल हे कागदावर काढत होतो, तेवढ्यात नंबर पुकारून झाला. पुन्हा शेवटी उभं केलं. घरी बायकोने छोटीला माझ्या हातून काढून घेतलं. संताप आला, दवाखान्याचा.

२७ मार्च
पायरी झाली. बायकोला म्हटलं, माझेही कपडे भर. तिने लगेच भरले. किती दिवसांनी हसली.

२९ मार्च
मॅडमनी फळ्यावर दोनच खिडक्या काढल्या. काही लोक पहिलीकडून दुसरीकडे जाणारे, काही उलट; एक खिडकी करून आलेल्यांना आधी घ्यायचं. दोन्ही खिडक्यांना उसंत आहे, तरी रांग वाढतच जाते. म्हणजे मी ज्या शेवटाचा अंदाज देतोय, तो शेवट येतच नाही. हे उदाहरण जुनं आहे म्हणे, पहिल्याच वर्षी मला वाचायला दिलं होतं. तेव्हाच जोर देऊन सांगायला हवं होतं त्यांनी.

३१ मार्च
स्टँडवर माझी बॅग वेगळी काढली. छोटीने विचारलं, बाबा, तू कधी येणार? म्हटलं, काम जवळजवळ संपलंय.
बायको म्हणाली, "तिला तारीख सांग."
मी कागद काढून हिशेब करू लागलो, तेवढ्यात गाडी सुटली.