तू माफी मागितलीस म्हणून

प्रिय जैनाबा,

प्रिय कसली, भातखाऊ जोला जमातीतली जोलीण ती, आणि मी सेरेर. पण पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलं, डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. मासळीच्या ट्रकवाल्याने तुझा निरोप आणला. बिचाऱ्याने पाठ केला होता, माझ्यापुढे उभं राहून शाळेतल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. ‘सिगाबाईंना सांगा, माझ्या बोलण्याने तुमचं मन दुखावलं असेल तर मला क्षमा करा.’ मी हातातला मासा तसाच धरून बघत राहिले. सिगाबाई? तुमचं? क्षमा? अगं, जन्मभर तू मला गुलाम म्हणालीस, चोरटी म्हणालीस. माझा नवरा गेला तेव्हा त्याचीच टोपी घालून, त्याच्यासारखी लंगडत अंगणभर फिरलीस आणि रडणाऱ्या बायकांना हसवलंस. त्यातल्या कशानेही माझं मन दुखावलं नाही. या निरोपाने मात्र दुखावलं.

इकडचं सांगते. खाडीतली कालवं आता बाहेरच्या बायका काढतात. खारफुटीची मुळंच छाटून नेतात मेल्या, आणि विकतात ती निम्मी वाळूची. तुझ्या नावाने शहरातून गिऱ्हाइकं येतात आणि तोंड वाकडं करून परत जातात. माझी बोंगा मासळी धुरीवर आहे, यंदा लाकूड महाग झालंय. थोरलीला दुसरी मुलगी झाली. बारशाला तुझी जागा रिकामी होती. रीतीप्रमाणे थट्टेत बाळ पळवून न्यायला कोणी जोला नव्हताच, त्यामुळे पैसे देऊन ते सोडवून आणायचंही राहून गेलं. इमामसाहेबांनी नाव ठेवलं, सगळ्यांनी शिस्तीत भात खाल्ला आणि शिस्तीत घरी गेले. असलं बारसं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या दिवशीचं मी रोज आठवते. सुरुवात माझीच होती, हे तुला ठाऊक आहे. तू कालवांची पाटी घेऊन माझ्या मासळीच्या फळीजवळ आलीस आणि मी म्हटलं, ‘आली हावरी! तुमचा जोला साहेब राष्ट्राध्यक्षाची खुर्ची सोडून देशाबाहेर पळाला, आता तुला भात कोण घालणार?’ त्यावर तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, ‘ए गुलामे, ऊठ, माझे पाय धू. मतदान होऊ दे, तुम्हा साऱ्या सेरेरांना बाजारात मांडून विकते. तुझं गिऱ्हाईक मिळायचं नाही, तुला फुकट देईन.’ सगळा बाजार हसला होता, मला तर ठसका लागला. आणि गर्दीतून मोबाईलवर टिपणाऱ्या त्या कोणा टोपीवाल्याने व्हिडिओत काय ठेवलं? माझं बोलणं कापलं, हसणं कापलं. फक्त तू, तुझं बोट आणि तुझा आवाज. खाली लिहिलं, जोला लोक पुन्हा सत्तेवर आले तर आपलं काय करणार ते ऐका. संध्याकाळपर्यंत साऱ्या देशाने ऐकलं. दिवस मावळताना तुझी शेड पेटली, कालवांच्या टोपल्या, होडी, सगळं गेलं, आणि तू अंगावरच्या कपड्यानिशी सीमेपलीकडे कासामान्सला बहिणीकडे निघून गेलीस. मी बादल्या घेऊन धावले गं. पण धुराने डोळे जळत होते आणि तू कुठे आहेस तेही कळत नव्हतं.

मग पोलीस आला, तरुण होता. म्हणाला, आजी, तुमचा जाहीर अपमान झालाय, तक्रार द्या. मी त्याला म्हटलं, बाळा, फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून निघाल्या, होडी मधोमध फुटली, एक दक्षिणेला लागली, एक उत्तरेला. दक्षिणेकडचीची लेकरं जोला, उत्तरेकडचीची आम्ही सेरेर. बहिणीने बहिणीला शिवी द्यायची नाही तर कोणाला द्यायची? तो खाली मान घालून म्हणाला, ‘मला माहीत आहे आजी, पण मोबाईलला माहीत नाही.’ त्याच्यानंतर पार्टीवाले आले, तांदळाचं पोतं घेऊन. मी सभेत स्टेजवर उभं राहून रडावं, एवढंच काम. मी म्हटलं, रडेन की, पण जैनाबाने शिव्या दिल्या म्हणून नाही, आता द्यायला ती इथे नाही म्हणून रडेन. पोतं परत घेऊन गेले. उचलताना एकाच्या पाठीत उसण भरली, ते बरं झालं.

मतदान जवळ आलंय. पुन्हा पडद्याआड ती उमेदवारांची रंगीत पिंपं लागतील, आपण आत जाऊन मताची गोटी टाकू, घंटी वाजेल. आपल्या दोघींना कधी एका पिंपात गोटी टाकायला जमलं नाही, तरी बाहेर येऊन आपण एकाच ताटात जेवलो. तुझी गोटी पडू नये, तुझ्यासारख्या दहा घरांनी भिऊन पळ काढावा, हाच त्या पार्टीवाल्यांचा डाव होता. तो साधला म्हण. आणि गाव? गाव फार नीट वागायला लागलंय. उरलेले जोला मला वाकून सलाम करतात, तब्येत विचारतात, पुढे निघून जातात. कोणी कोणाची थट्टा करत नाही. मला शेड पेटवणाऱ्या त्या मशालींची एवढी भीती वाटली नव्हती, जेवढी या सभ्यपणाची वाटते.

आता जे सांगायला बसले ते सांगते, कारण मघापासून इकडचं तिकडचं लिहून मी टाळतेय. शेड जाळायला आलेली पोरं शहरातली होती, असं सगळे म्हणतात. एक शहरातला नव्हता. आमच्या होडीच्या इंजिनाचा पेट्रोलचा डबा दुसऱ्या सकाळी रिकामा होता आणि माझा मुलगा लातीर माझ्याकडे बघत नव्हता. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. म्हणाला, सगळे म्हणत होते, तुझ्या आईला गुलाम म्हटलं आणि तू बसून राहणार? डबा त्याने दिला, जैनाबा. काडी दुसऱ्याने ओढली असं म्हणतो, मला त्याने फरक पडत नाही. माफी मी मागणार नाही. तुझ्या-माझ्यात माफी नसते, आणि ही माझ्या एकटीच्या तोंडाने मागून फिटणारीही नाही. जोलाने सेरेराला काही करायला सांगितलं तर रीतीप्रमाणे आम्हाला नाही म्हणता येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र ज्याने आत्ता तुझ्या हातात दिलं आणि जो तुझ्या बहिणीच्या दारात मान खाली घालून उभा आहे, तोच तो. तू ‘ये बाळा, बस, पाणी घे, झालं गेलं विसर’ असं गोड बोललीस, तर तो एकटाच परत येईल, आणि मी समजेन की माझी बहीण गेली. पण तुझ्यात अजून थोडी जोलीण शिल्लक असेल तर त्याला वाटेल ते बोल. गुलाम म्हण, त्याच्या आईचा उद्धार कर, नव्या शेडचे खांब तोडून आणायला सांग, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे. मग तुझं गाठोडं त्याच्या डोक्यावर दे आणि त्याच्या मागून चालत ये.

तुझीच, फुकट देऊनही न खपणारी,
सिगा