फोनमध्ये मुरबाडचा पाऊस

९ जुलै २००९, गुरुवार
आज पण मुरबाडचंच. सकाळी सहाला फोनात हवामानाचा मेसेज वाजला, मुरबाड तालुका, मुसळधार पाऊस. म्हणून आवणीच्या, भात लावायच्या बायकांना येऊ नका म्हटलं. आणि इथं शहापुरात दुपारपर्यंत थेंब नाय. भातरोपं तशीच उभी. दीर बाळू बांधावरून ओरडतो, "वहिनी, शेत आपलं न् पाऊस दुसऱ्याचा! तालुका बदलून घ्या की." घेईन तेव्हा घेईन.

१२ जुलै
फोनात ते मुरबाड सुनीतानं घातलंय. माझी पोर. मी तिच्या सासरी मुरबाडला गेलेली, तर माझा फोन घेऊन बसली, मेसेजवाल्यांनी तालुका विचारला, तिनं तिचाच सांगितला. मी शिव्या घातल्या. म्हणे, "आये, डोंगर एकच, पाऊस एकच गो." मग गेल्या श्रावणात काविळीनं गेली. आठ दिवसांत.
तिची काजल सहा वर्षांची, बापाकडं. जावई भास्कर सगळ्या माणसांत बोललेला, "वर्षश्राद्ध झालं की पोर तुमच्याकडं आणून सोडतो, मामी." एवढ्यावर दिवस काढते.

२४ जुलै
मेसेज, जोराचा पाऊस, वारा. काजलच्या शाळेच्या वाटेत ओहोळ आहे. लगेच फोन लावला. भास्कर म्हणतो, "मामी, आमाला दारातून दिसतो पाऊस, तुमी कशाला सांगता?" काजलला दे म्हटलं.
"आजी, तुला कसं कळलं इकडं पाऊस हाय?"
म्हटलं, मला सगळं कळतं. खोटं बोलले. पण दिवस बरा गेला.

१९ ऑगस्ट
वर्षश्राद्ध झालं. माणसं हात धुवत होती तेव्हाच विचारलं, पोर कधी नेऊ. "शाळा मधेच कशी तोडायची? दिवाळीनंतर बघू, मामी." त्याची आई भांडी आपटत होती. काजलच्या कपड्यांना नेलेली पिशवी घडी करून परत आणली.

८ ऑक्टोबर
परवा भात कापून शेतात वाळत टाकलेलं. मेसेज म्हणाला कोरडं. मुरबाडला असेल कोरडं. इथं चार वाजता धो धो. आज दाण्याला मोड आलेत. बाळूचं पण भात त्यात, माझ्या सांगण्यावर कापलेलं. तो खाली बसून मोड आलेल्या लोंब्या वेगळ्या करत राहिला. ह्यांनी भाकरी अर्धी ठेवली. चूक माझी. बाकी कोणाची नाय.

९ ऑक्टोबर
बाळूनं मेसेजवाल्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडून कोण पोरगी, "ताई, शहापूर करू का?" बाळू पुढ्यात उभा. मी म्हटलं, नको. मुरबाडच राहू दे.
"वहिनी, डोकं फिरलंय तुमचं?" मग माझ्या तोंडाकडं बघितलं न् फोन बंद केला. जाताना म्हणतो, "शहापूरचं मी माझ्या फोनवर मागवतो. तुमी तुमचं वाचा."

२५ ऑक्टोबर, रविवार
ऐकलं ते खरं. एसटीनं गेले मुरबाडला. दारात नवी बाई. भास्करनं देवळात हार घालून आणली, आमाला कळवलं नाय. बाई वाईट नाय. पाणी दिलं, बसा म्हणाली. काजल तिच्या पाठीमागं. तिला आई म्हणते. ये गो म्हटलं तर आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं आली. वेण्या चांगल्या घातलेल्या, घट्ट, रिबिनी लावून. ते बघवलं नाय.
"आता रुळलीय ती, मामी. बघतो." काय बघतो? आणखी कितीदा…

२९ ऑक्टोबर, गुरुवार
मुरबाड, रात्री थंडी वाढणार. काजलला खोकला लगेच धरतो. त्या बाईला कोण सांगणार. तीनदा फोन लावला, उचलला नाय.
मला फोनात लिहिता येत नाय. उद्या बाळूकडून भास्करला मेसेज लिहून घेणार, शब्द माझेच घालायचे. तर असं:
भास्करराव, माणसांत बोललात ते करणार की नाय? पोर देणार नसाल तर सरळ नाय म्हणा, मी ऐकून घेईन. पण मग दर सुट्टीला तरी धाडाल का, ते पण सांगा. फोन उचला, तिला बोलू द्या. सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते. रविवारी दिवस मावळायच्या आत मला सांगा.