जोर लावा, काका!

सोमवार, ३ फेब्रुवारी
घसा पार बसलाय. दिवसभर "फुंका, फुंका, अजून, अजून!" — दगड कापायच्या कारखान्यातले कामगार, फुप्फुसांची तपासणी. आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंचं संशोधन. धुळीनं फुप्फुसं जातात हे सिद्ध झालं, तर मालकाला धूळ ओढणारी यंत्रं बसवावीच लागतील. नाहीतर आहेच तोंडाला फडकं!

एक पॉलिशवाले काका मात्र डोक्यात गेले. नळीत नुसती फुंकर घालायचे आणि हसायचे. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी मीच सगळ्यांदेखत बोलले, "काका, चहा नाही गार करायचाय! नाटकं पुरे." रांगेत हशा पिकला. काकाही हसले. मी 'प्रयत्न अपुरा' असा शेरा मारून मोकळी. असे निकाल हिशेबात धरत नाहीत.

गुरुवार, ६
आणखी चार कामचुकार. तोच शेरा. बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी कडक मुलगीच हवी इथे." मी हवेत!

मंगळवार, २५
निकाल हाती आला — धुळीचा विशेष परिणाम नाही. बाई बुचकळ्यात. आई म्हणाली, "मग चांगलंच की गं."

शुक्रवार, २८
कामगारांच्या छातीचे एक्स-रे आले. काकांचा आधी बघितला. दोन्ही फुप्फुसं डागांनी भरलेली. काकांनी सगळा जोर लावला होता. तेवढाच होता त्यांच्याकडे! बाकीच्या चौघांचंही तेच. म्हणजे जे खरे आजारी, नेमके तेच मी वेचून बाहेर काढले. आणि उरलेल्या धडधाकटांच्या जिवावर धूळ निर्दोष ठरली.

लाज वाटते. कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं. आजारी माणसाचं मी चारचौघांत हसं केलं.

शनिवार, १ मार्च
बाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "एक्स-रे यायच्या आधी निकाल काढायची घाई मीच केली. बोलाव पाचही जणांना परत." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ५
माफीचं वाक्य घोकून गेले होते. तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्हाला फार त्रास दिला, ताई. परत बोलावलं तर म्हणून घरी नातवाचे फुगे फुगवून बघतोय तेव्हापासून. फुगत नाहीत मेले! पण सराव केलाय." आणि नळी तोंडात धरली.

आकडा मागच्याहून खाली आला.

"जमलं का, ताई?" त्यांनी विचारलं.