भाकरीवर चालणारा अंगठा

बेंबळी, मंगळवार, १२ मे १९८७

आज विहिरीत टँकर रिता झाला, तरी आमच्या घरात पाण्याचा थेंब नाही. सांगू कुणाला?

दुबईहून भावजींनी आणलेला तो हातातला व्हिडिओ गेम! कोंबड्या अंडी टाकतात, अंगठ्यानं बटण दाबून टोपलीत झेलायची. आणला पोरांसाठी. पोरांना कंटाळा आला, पण ह्यांचा सुटेना. आता जेवताना भाकरीवरसुद्धा अंगठा चालतो, झोपेत उशीवर. डोक्यात नेमकं काय शिरतं माणसाच्या? डेअरीत दुधाचं माप घेणारा हा शहाणासुरता माणूस.

विहिरीवर झुंबड होती. भरलेला पोहरा निम्म्यावर आलेला. मी दोर ह्यांच्या हाती देऊन घागरी पुढं सरकवायला वळले, तर ह्यांनी दोर पायाखाली दाबून गेम काढला! दोर सटकला, पोहऱ्यासकट आत गेला.

"अहो, दोर गेला!"

"थांब गं, अंडं पडंल," हे म्हणाले. मान वर केली नाही.

दुसरा पोहरा मिळेपर्यंत विहिरीत नुसता गाळ उरला.

घरी येऊन मी गेम चुलीत घातला. भांडतील वाटलं होतं. हे नुसते ओसरीवर जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "बला गेली बग. आता यील त्यो ताळ्यावर."

मलाही तसंच वाटलं. जवळ बसले, ह्यांचा हात हातात घेतला. जरा वेळ शांत होता. मग माझ्या तळहातावर अंगठा दाबला गेला. परत दाबला. परत.

हे अजून अंडी झेलत होते.